ज्येष्ठ नागरिकांसाठी सार्वजनिक आरोग्य विमा (महाराष्ट्र)

महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिकांचा सार्वजनिक आरोग्य विमा मुख्यतः दोन योजनांवर आधारलेला आहे : राज्य शासनाची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्र शासनाची आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजना. १ एप्रिल २०२० पासून राज्यात या दोन्ही योजना एकत्रितपणे राबविल्या जातात. अंगीकृत शासकीय व खासगी रुग्णालयांत योजनेतील मान्य उपचार रुग्णाकडून पैसे न घेता केले जातात.

पार्श्वभूमी

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. दुसऱ्या टप्प्यात, नोव्हेंबर २०१३ मध्ये, ती नागपूरसह उर्वरित जिल्ह्यांत लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. प्रारंभी प्रतिकुटुंब वार्षिक संरक्षण १.५ लाख रुपये होते. २०२३ च्या शासन निर्णयाने ते ५ लाख रुपये करण्यात आले व सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना योजनेत सामावून घेण्यात आले.

वयानुसार पात्रता

केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत समाविष्ट करण्यास मान्यता दिली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना 'आयुष्मान वय वंदना कार्ड' दिले जाते. वय आधार कार्डावरून ठरते.

* कुटुंब आधीच प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत असल्यास ज्येष्ठांना त्यांच्यापुरते वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतचे अतिरिक्त संरक्षण मिळते.
* एकाच कुटुंबात ७० वर्षांवरील दोन व्यक्ती असल्यास ही रक्कम दोघांत सामायिक असते.
* केंद्रीय शासकीय आरोग्य योजना किंवा माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेच्या लाभार्थ्यांना दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते.
* खासगी विमा किंवा कर्मचारी राज्य विमा असलेले ज्येष्ठही पात्र आहेत.
* आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी नाही.

कायद्यानुसार ६० व्या वर्षी व्यक्ती ज्येष्ठ नागरिक ठरते. मात्र ६० ते ६९ या वयोगटास वयाच्या आधारावर स्वतंत्र संरक्षण नाही. त्यांची पात्रता कुटुंबाच्या पात्रतेवर अवलंबून राहते.

आरोग्यमित्र

अंगीकृत रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नेमलेला असतो. कागदपत्रे तपासणे, रुग्णाची नोंदणी करणे, उपचारांच्या पूर्वमंजुरीच्या प्रक्रियेत साहाय्य करणे व तक्रार पुढे पोहोचविणे ही त्याची कामे होत. मान्य उपचारासाठी रुग्णालयाने पैसे मागितल्यास तक्रार प्रथम आरोग्यमित्राकडे, त्यानंतर जिल्हा स्तरावर करता येते. राज्य योजनेचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १५५३८८, तर केंद्रीय योजनेचा १४५५५ आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या सर्वसाधारण साहाय्यासाठी १४५६७ ही 'एल्डर लाइन' आहे.

रुग्णहक्क व कायदेशीर आधार

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ मध्ये 'चरितार्थ' या संज्ञेत वैद्यकीय देखभाल व उपचारांचाही समावेश आहे. त्यामुळे उपचारांचा खर्च नाकारणाऱ्या अपत्यांविरुद्ध चरितार्थ न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. याच अधिनियमाच्या कलम २० मध्ये शासकीय रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी शक्य तितक्या खाटा व स्वतंत्र रांगा यांची तरतूद आहे.

महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे आवश्यक आहे. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता (१९९५) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, ज्या उपचारांचे शुल्क विमा कंपनी भरते ते उपचारही ग्राहक कायद्याखालील 'सेवा' ठरतात, असे स्पष्ट केले. सार्वजनिक न्यासांच्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात; विमा नसलेल्या ज्येष्ठांना हा पर्याय उपलब्ध असतो.

कळमेश्वर तालुक्यातील स्थिती

कळमेश्वर हा नागपूर शहराच्या वायव्येस, काटोल मार्गावर व नागपूर–इटारसी लोहमार्गावर असलेला तालुका आहे. येथील ग्रामीण रुग्णालयात प्राथमिक उपचार होतात. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग यांसारख्या आजारांच्या विशेष उपचारांसाठी रुग्णांना नागपूरला जावे लागते. 'मेडिकल' व 'मेयो' या नावांनी परिचित असलेली दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालये शहरात आहेत, तर अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था शहराच्या दक्षिणेस मिहान येथे आहे.

योजनेच्या पूर्वीच्या स्वरूपात पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांना लाभ मिळे. शुभ्र शिधापत्रिका असलेल्या शेतकऱ्यांचा समावेश केवळ आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत होता. शेजारचे वर्धा व अमरावती जिल्हे त्या यादीत होते, परंतु नागपूर नव्हता. परिणामी संत्रा व कापूस पिकविणाऱ्या या तालुक्यातील शुभ्र शिधापत्रिकाधारक वृद्ध शेतकरी योजनेबाहेर राहिले, तर जिल्ह्याच्या सीमेपलीकडील तशाच शेतकऱ्यांना लाभ मिळत होता. २०२३ च्या निर्णयाने हा भेद संपुष्टात आला.

मर्यादा

दोन्ही योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल करून केलेल्या उपचारांपुरत्या आहेत. मधुमेह, उच्च रक्तदाब, सांधेदुखी यांसाठी दीर्घकाळ लागणारी औषधे व बाह्यरुग्ण तपासण्या त्यांत येत नाहीत. अंगीकृत नसलेल्या रुग्णालयात केलेल्या खर्चाची सर्वसाधारणपणे प्रतिपूर्ती होत नाही. म्हणून दाखल होण्यापूर्वी रुग्णालय संबंधित उपचारासाठी अंगीकृत आहे का, हे तपासणे महत्त्वाचे ठरते. आधार व शिधापत्रिकेवरील नावांतील तफावत आणि वार्धक्याने पुसट झालेले बोटांचे ठसे यांमुळेही नोंदणीत अडथळे येतात.

हे सुद्धा पहा

* आयुष्मान भारत
* कळमेश्वर तालुका
* ज्येष्ठ नागरिक