तळटीप २७ : रॅझबेरी ऱ्हायनोसरस

मूळ मजकुरात ज्याचा उल्लेख नुसता ‘रॅझ’ असा येतो, तो ‘रॅझबेरी ऱ्हायनोसरस’ हा नाइटक्लब सांताक्रूझच्या पश्चिमेस, जुहू तारा रस्त्यावरील जुहू हॉटेलात होता. इतरत्र श्रोत्यांना ‘कव्हर’, म्हणजे गाजलेल्या परदेशी गाण्यांचे हुबेहूब सादरीकरण, अपेक्षित असे; येथे मात्र ‘पेंटाग्राम’, ‘झीरो’ यांसारख्या बँडना स्वतःची गाणी वाजवता आली आणि ‘डेमॉनिक रिझरेक्शन’सारख्या मेटल बँडलाही (मेटल हा रॉकचा अधिक कर्कश व वेगवान उपप्रकार) मंच मिळाला, हे या क्लबचे खरे महत्त्व मानावे लागेल. १९८६मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सव धोबीतलावच्या रंगभवनात दीर्घकाळ भरत असला, तरी तो वार्षिकच. शिवाय २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात आणल्यानंतर ते खुले प्रेक्षागृह अशा मैफलींना पारखे झाले आणि उपनगरातील बंदिस्त क्लबचे मोल साहजिकच वाढले. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारातील ‘ब्लू फ्रॉग’ हा याहून कितीतरी सुसज्ज क्लब २००७मध्ये, म्हणजे बराच नंतर, सुरू झाला.