हॉस्टेलचा बेड आला कुठून?

परदेशात हॉटेल परवडत नाही म्हणून तुम्ही हॉस्टेलचा बेड बुक करता ना? त्याची कल्पना सुचली एका पावसाळी रात्री. ऑगस्ट १९०९. जर्मन शिक्षक रिखार्ड शिरमान मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वादळात सापडले आणि एका गावच्या शाळेत पेंढ्यावर झोपले. तेव्हा त्यांच्या मनात आलं, सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग तिथंच सहलीच्या मुलांची सोय का करू नये? पुढे आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचं हॉस्टेल झालं. १९३२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि शिरमान तिचे अध्यक्ष होते. पण १९३३ मध्ये जर्मनीतली हॉस्टेलं हिटलरच्या युवक संघटनेकडे गेली आणि १९३६ मध्ये सरकारनं शिरमानना अध्यक्षपद सोडायला लावलं. म्हणून हॉस्टेलचा इतिहास वाचताना मी भाड्याआधी एक गोष्ट बघतो: दाराची किल्ली कोणाच्या हातात आहे?