भयकथा आणि तिचे परीक्षक



भुताखेतांच्या गोष्टी ऐकण्याची हौस मनुष्याला फार जुनी आहे. परंतु त्या गोष्टींना नाक मुरडण्याची हौसही कांहीं कमी जुनी नाहीं. काव्य, नाटक किंवा ऐतिहासिक कादंबरी यांचें परीक्षण करतांना जो विद्वान् ग्रंथकाराचें कौशल्य पाहतो, तोच भयकथा हातीं आली म्हणजे भलतेच प्रश्न विचारूं लागतो. ही गोष्ट खरी कीं खोटी? हिनें नीति बिघडेल काय? लेखक कोण? इंग्लंडांत या प्रश्नांना अडीचशें वर्षांहून अधिक इतिहास आहे, आणि तो आपणांसही विचार करावयास लावणारा आहे.

१७६४ सालीं, नाताळच्या आदल्या दिवशीं, लंडनमध्यें ‘ओट्रँटोचा किल्ला’ या नांवाची एक लहानशी कादंबरी प्रसिद्ध झाली. लग्नाच्या दिवशींच राजपुत्र एका प्रचंड शिरस्त्राणाखालीं चिरडून मरतो, आणि तें शिरस्त्राण आलें कोठून हें कोणालाच कळत नाहीं, असा तिचा आरंभ आहे. एका इटालियन ग्रंथाचें हें भाषांतर असून मूळ पुस्तक १५२९ सालीं नेपल्स येथें छापलेलें आहे, असें प्रस्तावनेंत म्हटलें होतें. ‘मंथ्ली रिव्ह्यू’ या मासिकानें पुस्तकाचें कौतुक केलें. पुढें १७६५ सालीं दुसरी आवृत्ति निघाली, आणि तींत होरेस वॉल्पोल या गृहस्थानें हें सारें आपणच रचल्याचें उघड केलें. त्याबरोबर मासिकाचा सूर पालटला. अडाणी काळच्या ग्रंथाला जें क्षम्य होतें, तें सुधारलेल्या काळांतील सभ्य लेखकाला क्षम्य नाहीं, असा निकाल मिळाला. गोष्ट तीच, शिरस्त्राणही तेंच. कमी झालें होतें तें केवळ तिचें वय!

दुसरी फूटपट्टी नीतीची. मॅथ्यू लुइस यानें वयाच्या विसाव्या वर्षीं, १७९६ सालीं, ‘द मंक’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. माद्रिद येथील एक नांवाजलेला साधु वासनेच्या आहारीं जाऊन अखेर सैतानाला आत्मा विकतो, असें तिचें कथानक आहे. पुढच्याच वर्षीं ‘क्रिटिकल रिव्ह्यू’मध्यें तिच्यावर कठोर परीक्षण आलें, तें कवि कोलरिज याचें. लेखकाची कल्पनाशक्ति त्यानें मान्य केली, पण तरुणांच्या हातीं हें पुस्तक देणें म्हणजे विष देणें, असा त्याचा आक्षेप होता. आणि लेखक पार्लमेंटचा सभासद असल्यामुळें तो आक्षेप अधिकच झोंबला. लुइसनें चौथ्या आवृत्तींत पुष्कळ मजकूर गाळला. ती आवृत्ति १७९८ सालीं निघाली. त्याच सालीं कोलरिजनें एक कविता छापली. तींत प्रेतें उठून जहाज हांकतात!

तिसरें शस्त्र थट्टेचें. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’ या कादंबरींत, भयानक पुस्तकांची चटक लागलेल्या दोघी मैत्रिणी सात कादंबऱ्यांचीं नांवें घेतात. हें पुस्तक १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालें. तें लोकांनीं जपलें. त्या सात कादंबऱ्या मात्र इतक्या विस्मृतींत गेल्या, कीं हीं नांवें ऑस्टिनबाईंनीं कल्पनेनेंच रचलीं असावींत, असा पुढें समज झाला. अखेर मायकेल सॅडलर वगैरे पुस्तकप्रेमी शोधकांनीं त्या सातही खऱ्या असल्याचें दाखवून दिलें. सॅडलर याचा त्यावरील निबंध १९२७ सालचा आहे. ज्या कादंबऱ्यांसाठीं फिरत्या वाचनालयांत एके काळीं झुंबड उडे, त्यांच्या प्रती शोधण्यास संशोधक लागावेत, ही उपेक्षेची किंमत होय.

चौथी फूटपट्टी लेखकाच्या नांवाची. १८१६ च्या उन्हाळ्यांत जिनीव्हाच्या सरोवराकांठीं कवि बायरन, शेली व त्यांची मंडळी पावसामुळें घरांत अडकून पडली होती. जर्मन भूतकथांचा एक फ्रेंच संग्रह त्यांच्या वाचनांत आला, आणि आपणही प्रत्येकानें एकेक भूतकथा लिहावी असें बायरननें सुचविलें. त्या वेळीं अठरा वर्षांच्या असलेल्या मेरीनें जी गोष्ट रचली, ती १८१८ च्या जानेवारींत ‘फ्रँकेन्स्टाइन’ म्हणून निनांवी प्रसिद्ध झाली. ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’नें तिची निर्भर्त्सना केली. सर वॉल्टर स्कॉट यानें मात्र मनापासून प्रशंसा केली. पण ती करतांना ही कृति कवि शेलीची असावी असें तो समजून चालला होता. हा ग्रंथ एका कोवळ्या वयाच्या स्त्रीचा आहे, हें त्या थोर परीक्षकाच्याही मनांत आलें नाहीं.

मग योग्य प्रश्न कोणता? त्याचें उत्तर परीक्षकांपेक्षां एका लेखिकेनेंच अधिक चांगलें दिलें आहे. ‘उडॉल्फोचीं रहस्यें’ लिहिणाऱ्या अ‍ॅन रॅडक्लिफ यांचा एक लेख त्यांच्या मृत्यूनंतर, १८२६ सालीं, प्रसिद्ध झाला. भयाचे दोन प्रकार त्यांनीं तेथें वेगळे केले आहेत: एक अस्पष्टतेंतून उपजतें व मनाला विस्तार देतें, दुसरें किळसवाणें सारें उघडें करून मनाला गोठवून टाकतें. आपल्या भरतमुनींनीं भयानक आणि बीभत्स हे दोन रस निराळे मानून एकाचा स्थायीभाव भय व दुसऱ्याचा जुगुप्सा सांगितला, त्याच्या हें किती जवळ येतें! भयकथेला विचारावयाचें तें इतकेंच: तिनें कोणता रस योजिला, आणि तो अखेरपर्यंत टिकविला काय?

हा प्रश्न आपल्या घरचाही आहे. अकराव्या शतकांतील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरां’त राजा प्रेत खांद्यावर घेऊन चालतो, आणि प्रेतांतील वेताळ त्याला कोडीं घालतो. तीं कोडीं नीतीचीं आहेत. पण स्मशानाच्या वाटेवर विचारलेलीं असल्यामुळेंच तीं मनांत रुततात. अलीकडच्या काळांत नारायण धारप (१९२५–२००८) व रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनीं ही परंपरा मराठींत नव्यानें वाढविली. धारपांच्या ‘लुचाई’चें बीज स्टीफन किंग याच्या १९७५ सालच्या कादंबरींत आहे. तेवढ्यावरून ती बाजूस सारणें म्हणजे वॉल्पोलच्या परीक्षकाचीच चूक पुन्हा करणें होय. परकें भय मराठी घराच्या उंबऱ्याशीं आल्यावर तितकेंच खरें वाटतें कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. मतकरींच्या गूढकथांत तर पुष्कळदां भुताची गरजच पडत नाहीं. माणसाचें मन पुरेसें असतें.

वाचनालयांतून या दोघांचीं पुस्तकें हातोहातीं फिरलीं. टीकाग्रंथांत त्यांना त्या मानानें जागा थोडीच मिळाली. ज्या सात इंग्रजी कादंबऱ्यांचें आपण आतां ऐकलें, त्यांचाही वाचक एके काळीं असाच मोठा होता. वाचक पुस्तक झिजवितो. तें पुढच्या पिढीच्या हातीं सोंपविण्याचें काम परीक्षकाचें आहे. तें काम नाक मुरडून होणारें नाहीं. दिवा थोडा मंद करून, गोष्ट अखेरपर्यंत वाचावी, आणि मगच लेखणी उचलावी.