ग्रंथपाल आणि विनयधर : आय. बी. हॉर्नर

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला पालि टेक्स्ट सोसायटीच्या ग्रंथांवर आय. बी. हॉर्नर हे नाव वारंवार भेटते. नुसत्या आद्याक्षरांमुळे ही व्यक्ती स्त्री होती, हे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. त्या मूळच्या ग्रंथपाल होत्या, याचा उल्लेख तर त्याहून विरळा. आमच्या मते त्यांच्या विद्वत्तेचे मर्म जाणायचे असेल, तर आरंभ ग्रंथालयापासूनच केला पाहिजे.

इसालीन ब्ल्यू हॉर्नर यांचा जन्म ३० मार्च १८९६ रोजी इंग्लंडमधील वॉल्थमस्टो येथे झाला. १९०८ साली आजीच्या घरी टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स आणि कॅरोलाइन ऱ्हीस डेव्हिड्स या पालि पंडित दांपत्याशी त्यांची भेट झाली. १९१४ साली त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम या स्त्रियांच्या महाविद्यालयात दाखल झाल्या व १९१७ साली त्यांनी तत्त्वज्ञानादी विषयांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. परंतु केंब्रिज विद्यापीठ त्या काळी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या स्त्रीलाही पदवी देत नसे. विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व स्त्रियांना १९४८ साली मिळाले. आपल्याकडील बहिष्काराची जात निराळी व कितीतरी क्रूर होती, हे खरे. तरीही विद्येच्या उंबरठ्यावर अडविले जाणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

१९१८ साली त्या न्यूनहॅमच्या साहाय्यक ग्रंथपाल झाल्या. १९२१ साली त्यांनी सिलोन, भारत व ब्रह्मदेश यांचा प्रवास आरंभिला आणि तेथे बौद्ध जीवन त्यांनी जवळून पाहिले. १९२३ साली परतल्यावर त्यांनी ग्रंथपालपद स्वीकारले, ते १९३६ पर्यंत सांभाळले. याच काळात, १९३० साली, त्यांचा प्राचीन बौद्ध काळातील स्त्रियांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. माता, कन्या, पत्नी, विधवा, श्रमिक स्त्री आणि शेवटी भिक्खुणी अशी त्याची मांडणी आहे. विखुरलेले उल्लेख वेचून योग्य मथळ्याखाली लावण्याची ही रीत ग्रंथपालाचीच नव्हे काय?

महापजापती गोतमीची प्रव्रज्या आणि आठ गरुधम्म यांचा प्रश्न या ग्रंथात येतो. हे वाङ्मय भिक्खूंच्या हातून संपादित झाले आहे, याचे भान बाईंनी सोडले नाही. पुढे १९५१ च्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवरील लेखात तथागतांवरील स्त्रीद्वेषाच्या आरोपाचा परामर्श घेतला. दोघांची भूमिका व प्रयोजन भिन्न. पण उपलब्ध पाठ डोळे मिटून स्वीकारू नये, ही दृष्टी समान आहे.

बाईंचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे विनयपिटकाचा सहा खंडांतील इंग्रजी अनुवाद (१९३८ ते १९६६). महावग्ग व चुल्लवग्ग यांचे भाषांतर ऱ्हीस डेव्हिड्स आणि ओल्डेनबर्ग यांनी पूर्वीच केले होते; सुत्तविभंग मात्र अनुवादाविना राहिला होता. त्यातील भिक्खुणीविभंग १९४२ साली, ऐन महायुद्धात, प्रसिद्ध झाला. या कार्यात उणीवही आहे. पहिल्या खंडातील लैंगिक वर्तनाविषयीचे काही उतारे त्यांनी अनुवाद न करता परिशिष्टात मूळ पालीतच ठेवले. हा संकोच आज अनावश्यक वाटतो; तथापि मूळ पाठ त्यांनी लपविला नाही, हेही नमूद केले पाहिजे. याशिवाय मज्झिमनिकायाचा अनुवाद तीन खंडांत (१९५४ ते १९५९) त्यांनी पूर्ण केला.

१९४२ पासून त्या पालि टेक्स्ट सोसायटीच्या मानद सचिव होत्या. १९५९ पासून २५ एप्रिल १९८१ रोजी झालेल्या निधनापर्यंत अध्यक्ष. ग्रंथ लिहिणे जितके मोलाचे, तितकेच तो वाचकाच्या हाती पोचत ठेवणेही मोलाचे, हे त्यांनी आयुष्यभर आचरिले. आपल्या विहारांतून ग्रंथांची कपाटे आहेत. पुष्कळांना कुलूपही आहे. त्या कपाटांची सूची करून ती वाचकांसाठी उघडी ठेवणारा उपासक वा उपासिका धम्माचे मोठे कार्य करीत असते, असे आम्हांस वाटते.