निळ्या पुडीवरचा आचारी

म्युनिकला शिकत असताना माझी रूममेट बोस्नियाची होती. घरून तिला येणाऱ्या खोक्यात कॉफी आणि एक निळी पुडी हमखास असायची. पुडीवर उंच पांढरी टोपी घातलेला आचारी. आत पिवळसर भुकटी, तिच्यात हिरवे-केशरी कण. नाव वेगेटा. सूप, भात, बटाटे, कोंबडी, सगळ्यात ती चमचाभर जायची. मी मागची यादी वाचली: मीठ, सुकवलेलं गाजर, कांदा, सेलरी, पार्सली, साखर आणि आपण ज्याला अजिनोमोटो म्हणतो ते मोनोसोडियम ग्लुटामेट. पिवळा रंग हळदीचा नाही, रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचा. "आणि याला तू आईच्या हातची चव म्हणतेस?" मी म्हणाले. माझी गोड्या मसाल्याची बरणी शेजारीच होती. खडूसपणाच तो.

मग मी त्या पुडीचा इतिहास शोधायला बसले.

क्रोएशियात द्रावा नदीकाठच्या भागाला पोद्राविना म्हणतात आणि तिथल्या बाईला पोद्राव्का. कोप्रिव्नित्सा गावातल्या अन्नप्रक्रिया कारखान्याचं नाव तेच, पोद्राव्का. हा भाग तेव्हा युगोस्लावियात होता. तिथल्या घरोघरच्या सूपची चव येते कोंबडी किंवा हाडं आणि गाजर, सेलरी, पार्सलीची मुळं तासन् तास मंद आचेवर उकळून. युद्धानंतर कारखाने वाढले, बायका कामावर जाऊ लागल्या. तासन् तास चुलीपाशी थांबणार कोण? पोद्राव्काच्या प्रयोगशाळेने ती उकळी भुकटीत आणली आणि 1959 साली 'वेगेटा 40' नावाने बाजारात आणली. आपला गोडा मसाला भाजीत घालायचा. हा मसाला मुळात भाजीचाच.

तो तयार करणारी होती झ्लाता बार्टल. जन्म 1920, बोस्नियातल्या त्राव्निकजवळ. झाग्रेबला विज्ञान शिकून ती सारायेव्होत शिक्षिका झाली. दुसऱ्या महायुद्धात तिथे हिटलरच्या मित्रांची, उस्ताशांची राजवट होती. त्यांच्या युवक संघटनेत असल्याबद्दल युद्धानंतर नव्या कम्युनिस्ट सरकारने तिला आठ वर्षांची शिक्षा दिली. तुरुंगात मणक्याचा क्षय झाला, म्हणून शिक्षा संपण्याआधीच सोडलं. पण शरीर कायमचं अधू झालं. 1955 मध्ये ती पोद्राव्काच्या प्रयोगशाळेत लागली.

इथे मी अडखळले. उस्ताशा म्हणजे यासेनोवात्सची छळछावणी चालवणारे लोक. तिचा त्या संघटनेशी असलेला संबंध 'तरुणपणीची चूक' म्हणून झटकून टाकायला माझं मन घेत नाही. आणि आजारी बाईला कोठडीत ठेवणाऱ्या सरकारचं कौतुकही करवत नाही. गंमत अशी, की त्याच सरकारच्या कारखान्यात तिने घातलेला मसाला 1967 पासून हंगेरी आणि सोव्हिएत संघालाही जाऊ लागला.

पुडीवर मात्र ती कधीच नव्हती. तिथे आचारी होता, पुरुष. 1974 मध्ये पोद्राव्काच्या पाठिंब्याने टीव्हीवर पाककृतींचा कार्यक्रम सुरू झाला, त्यातही चेहरा स्टेवो कारापांजा या आचाऱ्याचाच. घरात रांधायची बाई, प्रयोगशाळेत ढवळायची बाई आणि टोपी त्याच्या डोक्यावर! (आपल्या लग्नातल्या पंगती आठवा.) तिची ओळख पुढे पसरली ती 'तेता वेगेटा', म्हणजे वेगेटामावशी म्हणून. 2008 मध्ये ती वारली. तोवर युगोस्लाविया फुटून कितीतरी वर्षं झाली होती. एकमेकांवर बंदुका रोखलेल्या माणसांच्या घरांत, सारायेव्होत आणि बेलग्रेडमध्येही, निळी पुडी तशीच राहिली. जर्मनीत, ऑस्ट्रेलियात पोट भरायला गेलेल्यांबरोबर ती परदेशी आली.

रूममेटला मी हे सगळं सांगितलं. कारापांजा तिला माहीत होता. बार्टल हे नाव तिने पहिल्यांदाच ऐकलं. "त्राव्निकची?" तिने दोनदा विचारलं आणि लगेच आईला फोन लावला.

त्या रात्री वरणाची पाळी माझी होती. फोडणी दिल्यावर मी तिच्या पुडीतली अर्धा चमचा भुकटी टाकली, मीठ त्या मानाने कमी. चांगलं लागलं. माझ्या आईला अजून सांगितलेलं नाही.