एका रेडरची किंमत

मंडळी, या वीकेंडला ना रिलीज, ना सपोर्ट कॉल. तेव्हा बरेच दिवस डोक्यात घोळणारा एक हिशोब मांडतो. एकाच स्टार खेळाडूवर संघाने बक्कळ पैसा ओतावा का?

सुरुवात आमच्या मोताळ्यापासून. शाळेत असताना मी मंडळाच्या कबड्डी संघात कोपऱ्यावर खेळायचो. एका वर्षी मंडळाने बाहेरून एक नावाजलेला रेडर आणला. जमलेली वर्गणी त्याच्यातच संपली. आम्हाला ना नी-कॅप, ना जेवण. पठ्ठ्या खेळला मात्र जबरदस्त! तरी आम्ही दुसऱ्याच फेरीत घरी. तो बाद झाला की उरलेले आम्ही नुसते डोकी मोजायला. आमच्यातला सगळ्यात भारी पकड करणारा भिडू त्यानंतर रागाने जो गेला, तो परत मैदानावर आलाच नाही.

आता हाच किस्सा कोटींमध्ये बघा. प्रो कबड्डी सुरू झाली 2014 साली. पहिल्या लिलावातला सर्वात महागडा खेळाडू होता राकेश कुमार, 12.80 लाख रुपये. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकडचा सिद्धार्थ देसाई आला. 2018 मध्ये यू मुंबाने त्याला 36.40 लाखांना घेतलं. पहिल्याच मोसमात चढायांचे 200च्या वर गुण! 2019 मध्ये तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1.45 कोटी मोजले. संघाची एकूण पर्स होती 4.40 कोटी. म्हणजे तिसरा हिस्सा एकट्याला. सिद्धार्थने पुन्हा 200च्या वर गुण घेतले. आणि टायटन्स? 12 संघांत अकरावे.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्येही हे घडून गेलंय. डिसेंबर 2000 मध्ये टेक्सास रेंजर्सने अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझशी 10 वर्षांसाठी 25.2 कोटी डॉलरचा करार केला. 2003 साली तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण 2001, 2002 आणि 2003, तिन्ही वर्षं रेंजर्स आपल्या गटात तळाला! 2004 मध्ये त्यांनी त्याला न्यूयॉर्कला देऊन टाकलं.

मग स्टार घ्यायचाच नाही का? थांबा. ऑक्टोबर 2023 चा कबड्डी लिलाव आठवा. पर्स 5 कोटी. टायटन्सने पवन सेहरावतसाठी 2.605 कोटी दिले, म्हणजे अर्ध्याहून जास्त. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर 2.35 कोटी घातले. रकमा जवळपास सारख्याच. निकाल? टायटन्स 22 पैकी 2 सामने जिंकून शेवटचे, तर पलटण 1 मार्च 2024 ला चॅम्पियन!

फरक कुठे पडला? पलटणने आधी काही वर्षं तरुण पोरं घडवली होती. कॅप्टन नगरकडचा अस्लम इनामदार त्यातलाच. ही पोरं कमी पैशात संघात होती आणि एकमेकांचा खेळ ओळखून होती. शादलू आला तो तयार इमारतीवरचा वरचा मजला म्हणून. टायटन्सकडे पायाच कच्चा होता. आमच्या भाषेत सांगायचं तर सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर.

दुसरी गोष्ट पर्सची. बेसबॉलमध्ये खर्चाला पक्की मर्यादा नाही, ठराविक रकमेपुढे मालकाला कर भरावा लागतो इतकंच. तिथे स्टारचे जादा पैसे मालकाच्या खिशातून येऊ शकतात. कबड्डीत पर्स बांधलेली, त्यामुळे ते सहकाऱ्यांच्या ताटातून जातात. गंमत म्हणजे डिसेंबर 2023 मध्ये शोहेई ओहतानीने लॉस एंजेलिस डॉजर्सशी 70 कोटी डॉलरचा करार केला, पण त्यातले 68 कोटी करार संपल्यावर घ्यायचे ठरवले, संघाला इतरांवर खर्च करता यावा म्हणून. डॉजर्स 2024 आणि 2025, दोन्ही वर्षी जिंकले.

सिद्धार्थच्या दीड कोटींमुळे गावोगावच्या पोरांना कबड्डीत करिअर दिसलं, हे मी नाकारत नाही. त्याला मिळाले ते त्याच्या घामाचे. चूक घेणाऱ्याची नाही, हिशोब करणाऱ्याची.

थोडक्यात काय, तर स्टार जरूर घ्या, पण शेवटी घ्या. आधी कोपरे भरा. आमच्या मंडळाने त्या वर्षी सहा नी-कॅप घेतल्या असत्या, तर कदाचित तो भिडू आजही खेळत असता.

तुम्हाला काय वाटतं?