विनोदी दरोडाकथा

गुन्हेकथेचा एक उपप्रकार. पैशाची नड, प्रेम किंवा कुणाचा तरी धाक, यांपायी साधी माणसे चोरीत ओढली जातात आणि नीट आखलेला बेत त्यांच्याच स्वभावामुळे फिसकटत जातो. पोलिसांच्या हाती लागतील का, यापेक्षा ही दोस्तमंडळी एकमेकांना कशी सांभाळून घेतील, याचीच वाचकाला जास्त काळजी लागते.

मराठी रसिकाला याचा एक जुना नमुना परका नाही. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ गोविंद बल्लाळ देवलांनी संगीत नाटकाच्या रूपाने मराठीत आणले. त्यातल्या शर्विलकाला प्रेयसी मदनिकेला दास्यातून सोडवायचे आहे आणि गाठीला पैसा नाही. तो नाटकाचा नायक चारुदत्त याच्या घराची भिंत फोडायला बसतो, तेव्हा मापाची दोरी घरीच राहिल्याचे त्याच्या ध्यानात येते. मग जानव्यानेच माप घेतो. भोक कोणत्या आकाराचे पाडावे यावर विचार करून पूर्णकुंभ निवडतो. आत झोपेत बरळणारा चारुदत्ताचा मित्र मैत्रेय त्यालाच चारुदत्त समजून दागिन्यांचा डबा आपणहून हातात देतो! सकाळी चारुदत्त आधी त्या भोकाच्या कारागिरीचे कौतुक करतो. दागिने निघतात मदनिकेच्या मालकिणीचे, वसंतसेनेचे, आणि चोरालाच ते परत पोचवावे लागतात. पुढे मित्र आर्यक कैदेत पडल्याचे कळताच शर्विलक नव्या नवरीला सोडून त्याच्या सुटकेला धावतो. चोरी, विनोद आणि मैत्री इतक्या सहजतेने एकत्र नांदलेली क्वचितच आढळते.

आधुनिक कादंबरीत हा प्रकार रुजवला तो अमेरिकन लेखक डोनाल्ड वेस्टलेक यांनी. ‘द हॉट रॉक’ (1970) मध्ये डॉर्टमंडर आणि त्याच्या साथीदारांना एकच पाचू पुन्हा पुन्हा चोरावा लागतो. वेस्टलेक यांना खरे तर गंभीर गुन्हेकथा लिहायची होती. पण पुन्हा पुन्हा फसणारी चोरी त्यांना हसवू लागली, म्हणून त्यांनी नायकच बदलला. 1972 मध्ये त्यावर चित्रपट निघाला.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांभोवती थरार आहे, खळखळून हसू नाही. हसू द. मा. मिरासदारांच्या कथांतल्या भोकरवाडीत सापडते: नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर यांच्या बैठकीत. हे दोन ओढे एकत्र यायला हवे होते.

त्यासाठी बुलढाणा जिल्ह्यात कथाबीज तयार आहे. मेहकरला 1888 मध्ये शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती जमिनीत सापडली. इंग्रज सरकार ती विलायतेला नेणार, या धास्तीने गावकऱ्यांनी घाईघाईने तिची प्रतिष्ठापना उरकली, असे तिथे सांगितले जाते. पुरुषभर उंचीहूनही मोठा तो दगड साहेबाचा हुकूम येण्याआधी हलवायचा, आणि तोही गुपचूप: कोण दोर आणील, कोण पहाऱ्यावर बसेल आणि कुणाच्या तोंडून गुपित फुटेल?